टपालखर्चाविषयीची साक्ष

ऑनलाइन लिलावात वस्तूची किंमत दोन तुकड्यांत ठरते. पहिला तुकडा बोलीने, म्हणजे खरेदीदारांच्या आपसांतील चढाओढीने, वाढत जातो आणि मुदत संपेपर्यंत तो किती होईल हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. दुसरा तुकडा विक्रेत्याने आधीच लिहून ठेवलेला असतो, बोली कितीही चढली तरी तो जागचा हलत नाही, आणि त्याला टपाल व हाताळणी खर्च असे म्हणतात. टपाल म्हणजे तिकिटाचे पैसे, तर हाताळणी म्हणजे वस्तू गुंडाळणे, पुठ्ठ्याच्या पेटीत बसवणे, पत्ता चिकटवणे आणि टपाल कचेरीपर्यंत नेऊन देणे यांचा मोबदला. व्यवहार संपल्यावर खरेदीदार विक्रेत्याविषयी जो जाहीर अभिप्राय नोंदवतो त्यात या दुसऱ्या तुकड्यावरून उमटलेला राग वारंवार दिसतो, आणि हा राग केव्हा न्याय्य व केव्हा अन्याय्य हा प्रश्न वरवर दिसतो त्याहून पुष्कळ अवघड आहे. दोन-तीन पौंडांच्या खर्चासाठी एवढा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याचा चरितार्थ अनोळखी माणसांच्या विश्वासावर चालतो, त्याच्या नावापुढे एका ओळीत काय लिहिले जाते हे त्या माणसाच्या दृष्टीने मुळीच किरकोळ नसते.

ईबे हे या प्रकारच्या बाजाराचे सर्वांत परिचित उदाहरण. पिएर ओमिड्यार या संगणक-प्रणालीकाराने १९९५ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ या नावाने ते सुरू केले, आणि पुढच्याच वर्षी, १९९६ च्या फेब्रुवारीत, खरेदीदार व विक्रेते यांनी एकमेकांविषयी उघडपणे लिहावे अशी सोय केली. अनुकूल शेऱ्याला अधिक एक, तटस्थाला शून्य आणि प्रतिकूलाला उणे एक असा साधा हिशेब होता, व त्यांची बेरीज त्या व्यक्तीच्या नावापुढे कंसात दिसे. वस्तू हातात न घेता, विक्रेत्याचे तोंडही न पाहता पैसे आधी पाठवायचे, अशा व्यवहारात फसवणुकीला किती वाव असतो हे सांगायला नको. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्येच दाखवून दिले होते की मालाचा खरा दर्जा फक्त विकणाऱ्याला ठाऊक असेल तर चांगला माल विकणारे हळूहळू बाजारातून बाहेर पडतात. अभिप्रायाची नोंद ही या दुखण्यावरची तोड होती. पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या चित्र-पोस्टकार्डांच्या विक्रीवर केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, तोच विक्रेता तीच कार्डे एकदा आपल्या जुन्या, नावाजलेल्या खात्यावरून आणि एकदा नव्या, अपरिचित खात्यावरून विकत होता. नावाजलेल्या खात्यासाठी खरेदीदारांनी सुमारे ८.१ टक्के अधिक मोजण्याची तयारी दाखवली. नावाला पैशांत मोजता येईल अशी किंमत असते, ती अशी.

टपालखर्चाचे निराळे दुखणे मात्र या व्यवस्थेच्या रचनेतच दडलेले होते. प्रारंभीची अनेक वर्षे संकेतस्थळ आपले कमिशन केवळ बोलीने ठरलेल्या अंतिम किमतीवर घेई, टपालखर्चावर घेत नसे. याचा अर्थ असा की कमिशन समजा दहा टक्के असेल, तर दहा पौंडांची वस्तू आणि दोन पौंड टपाल अशी सरळ मांडणी करणाऱ्याला एक पौंड द्यावा लागे, आणि एक पौंडाची वस्तू व अकरा पौंड टपाल अशी मांडणी करणारा तेच बारा पौंड खिशात घालून दहा पेन्सांत सुटे. शिवाय वस्तू परत आली तर अनेक विक्रेते केवळ वस्तूची किंमत परत करीत, टपालखर्च स्वतःकडे ठेवीत; म्हणजे फुगवलेल्या टपालात परतीचा धोकाही भरून निघे. शोधयादीत वस्तू किमतीच्या चढत्या क्रमाने लावल्या की अशी एक पौंडाची वस्तू सगळ्यांत वर येई, हा त्यावरचा आणखी एक लाभ. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण एरवी चुकलेल्या हिशेबासाठी वापरली जाते. येथे तो हिशेब ठरवून केलेला होता.

तो हिशेब खरेदीदारावर चालतही होता, आणि हे निव्वळ अनुमान नव्हे. तन्जीम हुसेन आणि जॉन मॉर्गन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा संगीत-सीडी आणि दहा एक्सबॉक्स खेळ घेऊन ईबेवर ऐंशी लिलाव केले. एका मांडणीत सुरुवातीची बोली चार डॉलर व टपाल फुकट, दुसरीत सुरुवातीची बोली एक सेंट व टपाल ३.९९ डॉलर; किमान खर्च दोन्हींत एकच. तरीही दुसऱ्या मांडणीकडे अधिक बोलीदार आले आणि विक्रेत्याच्या हाती एकूण पैसाही अधिक पडला. एकूण किमान रक्कम आठ डॉलरवर नेली, म्हणजे सहा अधिक दोन विरुद्ध दोन अधिक सहा असा सामना लावला, तेव्हा सीडींच्या बाबतीत हा फरक उरला नाही. यावरून असे म्हणता येते की माणूस टपालखर्च अगदी विसरत नाही, पण तो लहान असेतोवर त्याच्याकडे अर्ध्या डोळ्यानेच पाहतो. बोली लावताना नजर चढत्या आकड्यावर खिळलेली असते आणि न हलणारा आकडा मनात नोंदला जात नाही. मग पार्सल दारात येते, पाकिटावरचे तिकीट दिसते, आणि तो दुर्लक्षिलेला आकडा एकदम डोळ्यांत भरतो.

न्यायाचा प्रश्न या क्षणी उभा राहतो. समजा एका चित्र-पोस्टकार्डासाठी साडेतीन पौंड टपालखर्च घेतला आणि पाकिटावर एक पौंड वीस पेन्सांचे तिकीट आहे. उरलेले दोन पौंड तीस पेन्स विक्रेत्याने लाटले, असा निष्कर्ष रागाच्या भरात सहज निघतो. पण पाकीट उघडून त्याच्या आतील प्रत्येक वस्तूची किंमत धरली तर तो निष्कर्ष डळमळू लागतो. आत बबल रॅपचे दोन वेढे असतात, कार्ड वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंना कापून लावलेला पुठ्ठा असतो, ओल लागू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी असते, कडांवर तपकिरी चिकटपट्टी असते, बाहेरचे अस्तर लावलेले पाकीट विकत आणलेले असते. पैसे स्वीकारणारी पेपालसारखी सेवा आपला वाटा टपालखर्चासह संपूर्ण रकमेतून कापून घेते, हे तर खरेदीदाराला कोठेच दिसत नाही. त्याखेरीज टपाल कचेरीतील रांग असते, आणि त्या रांगेतला वेळ ज्याला स्वतःचे दुकान नाही अशा घरगुती विक्रेत्याला आपल्या दिवसातूनच काढावा लागतो.

ब्रिटनमध्ये हा हिशेब २००६ नंतर आणखी गुंतागुंतीचा झाला. तोवर रॉयल मेल मुख्यतः वजनावर दर आकारी. त्या वर्षीच्या २१ ऑगस्टपासून आकारही मोजला जाऊ लागला. पत्र म्हणून जायचे तर जाडी पाच मिलिमीटरच्या आत आणि वजन शंभर ग्रॅमपर्यंत हवे, त्याहून जाड, पण पंचवीस मिलिमीटरच्या आत असलेले पाकीट ‘मोठे पत्र’ ठरून वरच्या दरात जाते, त्यापुढे पार्सल. एक जुने चित्र-पोस्टकार्ड नुसत्या पाकिटात घातले तर पाच मिलिमीटरच्या फटीतून सहज सरकते. त्याला पुठ्ठा आणि बबल रॅप लावले की ते अडकते. म्हणजे विक्रेता जितकी काळजी घेईल तितके तिकीट महाग होते, आणि काळजी न घेणाऱ्याचे तिकीट स्वस्त असूनही कार्ड मात्र कोपरे दुमडून येते. केवळ तिकिटाच्या रकमेवरून विक्रेत्याची नियत ओळखू पाहणारा खरेदीदार या ठिकाणी हमखास चुकतो.

टपालाचा भार कोणी उचलावा हा वाद तसा जुना आहे. इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणाराच देई, आणि ते अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरत. रोलंड हिल यांच्या सुधारणेने वजनावर आधारलेला, अंतर न पाहणारा एक पेनीचा समान दर आला आणि पाठवणाऱ्याने आधीच तिकीट लावण्याची रीत रूढ झाली. हिंदुस्थानात १८५४ मध्ये अर्ध्या आण्याच्या पत्राने तेच तत्त्व आणले. ऑनलाइन लिलावात तिकीट पाठवणाराच लावतो, परंतु त्याचे पैसे पुन्हा घेणाऱ्याकडून येतात आणि किती घ्यायचे हे पाठवणारा ठरवतो. टपाल खात्याने एकदा सरळ करून ठेवलेली गोष्ट बाजाराने परत दोघांमधल्या विश्वासावर आणून सोडली, असे म्हणायला हरकत नाही.

२००७ च्या मे महिन्यात ईबेने मूळ अधिक-उणे शेऱ्याच्या जोडीला चार स्वतंत्र रकाने दिले: वस्तू वर्णनाप्रमाणे होती का, विक्रेत्याशी संपर्क कसा होता, वस्तू किती वेळात पाठवली आणि टपाल व हाताळणीचा खर्च कसा होता. प्रत्येकाला एक ते पाच तारे द्यायचे. कोणी किती दिले हे विक्रेत्याला कळत नसे, फक्त सरासरी दिसे. टपालाच्या रकान्यातील ताऱ्यांना शब्दही जोडले होते, आणि त्यांनुसार पाच म्हणजे अतिशय वाजवी, चार म्हणजे वाजवी, तीन म्हणजे धड वाजवी नाही आणि गैरवाजवीही नाही. जो खरेदीदार हे शब्द मनापासून वाचून ‘वाजवी’ असे ठरवी आणि चार तारे देई, तो आपल्या समजुतीने विक्रेत्याला शाबासकी देत असे. परंतु विक्रेत्याला शोधयादीत मिळणारे स्थान आणि शुल्कातील सवलत या सरासरीशी जोडली गेली होती, आणि बहुतेकांची सरासरी पाचाच्या अगदी जवळ असल्यामुळे प्रत्येक चारचा तारा तिला खाली ओढत असे. रकान्याच्या शब्दांचा अर्थ एक होता आणि परिणाम दुसरा, व ही विसंगती खरेदीदाराला कोणी सांगितली नव्हती. या प्रकरणात सर्वांत मोठा अन्याय जर कोठे झाला असेल तर तो येथे झाला, आणि तो करणाऱ्यांच्या मनात काडीचाही वाईट हेतू नव्हता.

याच्या उलट टोकाला, लेखी शेऱ्यांत प्रशंसेचा पूर होता. रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउसर यांनी १९९९ मधील व्यवहारांच्या नोंदी तपासल्या तेव्हा खरेदीदारांनी दिलेल्या शेऱ्यांपैकी ९९.१ टक्के अनुकूल होते, ०.६ टक्के प्रतिकूल आणि ०.३ टक्के तटस्थ. सगळे विक्रेते एवढे सज्जन होते असे त्यावरून मानण्याचे कारण नाही. त्या काळी विक्रेताही खरेदीदाराला उणे शेरा देऊ शकत असे, आणि तक्रार केली की उलट तक्रार येई. अशा परतफेडीच्या धाकाने पुष्कळ जण तोंड मिटून बसत किंवा नाइलाजाने स्तुती करीत. २००८ मध्ये विक्रेत्यांचा हा अधिकार काढून घेण्यात आला. विक्रेत्यांनी त्यावर मोठा गहजब केला, आणि पैसे बुडवणाऱ्या खरेदीदारांपुढे ते खरोखरच निःशस्त्र झाले हे मान्य करावे लागते. तरीही भीतीखाली दिलेली साक्ष ही साक्षच नसते, म्हणून तो निर्णय योग्य दिशेचा होता. पुढे ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन ताडेलिस यांनी ईबेच्याच नोंदींवरून दाखवले की न दिलेला शेराही बोलका असतो: अनुकूल शेऱ्यांचे प्रमाण दिलेल्या शेऱ्यांशी न लावता विक्रेत्याच्या सर्व व्यवहारांशी लावले, तर चांगला आणि मध्यम विक्रेता पुष्कळ अधिक स्पष्टपणे वेगळे होतात, कारण नाराज खरेदीदारांपैकी अनेक जण नुसतेच गप्प राहतात.

मग टपालाविषयी न्याय्य शेरा कोणता? उत्तर शोधताना शेरा कोणासाठी लिहायचा हे आधी ठरवावे लागते. तो विक्रेत्याला दिलेली शिक्षा किंवा बक्षिशी असेल तर खरेदीदाराच्या मनःस्थितीलाच प्रमाण मानावे लागेल. परंतु ज्या जागी तो लिहिला जातो ती जागा जाहीर आहे, आणि ती वाचणारा हा पुढचा अनोळखी खरेदीदार आहे; त्याच्या दृष्टीने शेरा म्हणजे साक्ष. साक्षीदाराने ते सांगायचे असते जे ऐकणाऱ्याला स्वतः पाहता येत नाही. टपालखर्चाची रक्कम पुढच्या खरेदीदाराला वस्तूच्या पानावर स्पष्ट दिसते. ती पाहून, मान्य करून बोली लावणाऱ्याने नंतर केवळ ‘टपाल फार’ असे लिहून उणे शेरा द्यावा यात नवी माहिती काही नाही, आणि स्वतःच केलेल्या कराराचा भंगही आहे. रक्कम खटकत असेल तर बोली लावण्यापूर्वी विक्रेत्याला विचारता येते, किंवा तो टपालखर्च मनात धरून बोलीच तेवढी कमी ठेवता येते.

जे पानावर दिसत नाही ते निराळे. पहिल्या श्रेणीचे पैसे घेऊन पाकीट दुसऱ्या श्रेणीने पाठवले असेल, तर खरेदीदाराने विकत घेतलेला वेगच त्याला मिळालेला नाही. दोन-तीन वस्तू एकत्र घेतल्यास टपालात सवलत देऊ असे पानावर लिहून मग प्रत्येकीचे पूर्ण पैसे मागितले असतील, लिलाव संपल्यावर रक्कम वाढवली असेल, नोंदणीकृत टपालाचे पैसे घेऊन साध्या टपालाने वस्तू आली असेल, किंवा हाताळणीच्या नावाखाली घसघशीत रक्कम घेऊन वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवली असेल, तर यांतली प्रत्येक गोष्ट लिहिलीच पाहिजे, आणि ती लिहिताना भीड बाळगणे हा पुढच्या खरेदीदारावरचा अन्याय ठरतो. याच्या उलट टपालाची रक्कम मोठी असूनही वस्तू वेळेवर, धड, विचारपूर्वक बांधून आली असेल, तर तेही नोंदले पाहिजे, कारण त्या रकमेने काय विकत घेतले गेले हे पानावरून कळत नाही.

कमिशन चुकवण्यासाठी फुगवलेल्या टपालाचे काय, हा प्रश्न उरतो. ती लबाडी होती, पण ती प्रथमतः संकेतस्थळाशी केलेली होती, आणि तिचा बंदोबस्त करण्याची साधने संकेतस्थळाच्याच हाती होती. २०११ मध्ये अमेरिकेतील ईबेने टपालखर्चावरही कमिशन घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्या लबाडीचा मुख्य आधार गेला. अर्थात सुक्याबरोबर ओलेही जळाले: तिकिटाच्या पैशांत एक पैसाही न मिळवणाऱ्या प्रामाणिक विक्रेत्याला आता त्या तिकिटावरही कमिशन द्यावे लागले, आणि ती पदरमोड टाळण्यासाठी त्याला टपालखर्च थोडा वाढवावाच लागला. खरेदीदाराला वाढलेली रक्कम दिसली, तिचे कारण दिसले नाही. शिवाय फुकट टपाल देणाऱ्या विक्रेत्याला टपालाच्या रकान्यात आपोआप पाच तारे मिळू लागल्यामुळे अनेकांनी टपाल वस्तूच्या किमतीतच मिसळले. हलक्या वस्तूंना ते सोसले. ओतीव लोखंडाची कढई किंवा ग्रंथांचा संच विकणाऱ्याला ते सोसणारे नव्हते, कारण जवळच्या आणि दूरच्या गिऱ्हाइकाला एकच किंमत लावणे त्याला परवडत नव्हते.

दूरच्या गिऱ्हाइकाचा विचार महाराष्ट्रातील वाचकाला अगदी परका नाही. मुंबईत उभी राहिलेली बाझी डॉट कॉम ही लिलाव-संस्था ईबेने २००४ मध्ये विकत घेतली आणि तिच्यातून ईबेचा भारतीय बाजार घडला, तो २०१८ मध्ये बंद झाला. परदेशातील विक्रेत्यांकडून टपाल तिकिटे, नाणी आणि जुनी छायाचित्रे मागवणारे संग्राहक त्याआधीही होते आणि त्यानंतरही आहेत. जुन्या मुंबईची चित्र-पोस्टकार्डे तेथून गेलेल्या माणसांच्या पेट्यांतून ब्रिटनमध्ये पोचली आणि आता तेथूनच विकली जातात. पुण्यातला संग्राहक असे एखादे कार्ड घेतो तेव्हा टपालखर्च कार्डाच्या किमतीहून अधिक होणे ही नित्याची गोष्ट आहे. त्या रकमेत वाटेतल्या प्रवासाचा माग ठेवणाऱ्या सेवेचा दर असतो, आणि ती सेवा न घेता पाठवलेले पाकीट हरवले तर नुकसान बहुधा विक्रेत्यालाच भरून द्यावे लागते. अशा विक्रेत्याला टपालाच्या रकान्यात दोन तारे देणे म्हणजे दोन देशांमधल्या अंतराचा दोष त्याच्या माथी मारणे होय. पुण्याच्या संग्राहकाने लिहायचे ते हे की माग ठेवणाऱ्या सेवेचे पैसे घेतले आणि पाकिटावर त्या सेवेचा क्रमांक खरोखर होता, किंवा नव्हता.

लिहायला जागाही दीर्घकाळ फारच तुटपुंजी होती: ईबेवरील लेखी शेरा ऐंशी अक्षरांच्या आत बसवावा लागे. तेवढ्यात ‘लुटारू, सावध राहा’ असे लिहिता येते, आणि ‘पहिल्या श्रेणीचे पैसे घेतले, दुसऱ्या श्रेणीने पाठवले, वस्तू उत्तम’ असेही लिहिता येते. पहिल्या शेऱ्याने पुढच्या खरेदीदाराला विक्रेत्याविषयी काहीच कळत नाही, फक्त लिहिणारा चिडला होता एवढे कळते. दुसऱ्याने त्याला नेमके कळते की वस्तूच्या बाबतीत या माणसावर भरवसा ठेवावा आणि टपालाची श्रेणी मात्र आधी लेखी विचारून घ्यावी. विक्रेत्यालाही त्याखाली उत्तर देता येते, चूक मान्य करून फरकाचे पैसे परत करता येतात, किंवा त्या दिवशी पहिल्या श्रेणीची तिकिटे संपली होती असे सांगता येते, आणि ते कारण पुरेसे आहे की नाही हे वाचणारा स्वतः ठरवू शकतो.